बाबांना शब्द फुटत नाहीत, मग ‘मुखाने कबूल’ कसं करायचं?

पत्र: मी भांडुपला राहते. वय 38. माहेर मराठी प्रॉटेस्टंट, लहानपणी बाप्तिस्मा झाला, सोळाव्या वर्षी दृढीकरण. नवरा वसईचा, कॅथलिक. आठ महिन्यांपूर्वी माझ्या बाबांना (वय 72) पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ‘हो’, ‘बरं’ असे दोन-तीन शब्द तेवढे उरलेत. बाबा तीस वर्षं मंडळीत पेटी वाजवायचे, गायचे. गेल्या महिन्यात ओळखीच्या एका फेलोशिपमधले (प्रार्थनागटातले) भाऊ घरी आले. रोमकरांस पत्र 10:9 वाचून त्यांनी बाबांना ‘माझ्यामागून मोठ्याने म्हणा’ असं सांगितलं. बाबांना जमेना. ते रडायला लागले, मध्येच हसले. भाऊ म्हणाले, मन अजून कठीण आहे, मुखाने कबूल केल्याशिवाय तारण नाही. तेव्हापासून मला झोप नाही. मी स्वतः त्यांची ती मागून म्हणायची प्रार्थना चार वेळा म्हटली, पण दर वेळी वाटतं की मनापासून झाली नाही. सासूबाई म्हणतात, फादरकडे जाऊन कन्फेशन कर, मन हलकं होईल. ऑफिसात माझ्या आडनावावरून मी ख्रिस्ती आहे हे कोणाला कळत नाही, मीही सांगत नाही. म्हणजे मी प्रभूला नाकारतेय का? आणि बाबांचं काय?
एक मुलगी, भांडुप

ताई,

आधी बाबांचंच बोलू. ते वाक्य बाबांना म्हणता आलं नाही, यावरून त्यांच्या तारणाबद्दल काहीही ठरत नाही. तुमची समजूत घालायची म्हणून हे लिहीत नाही. ते वचन असं: ‘येशू प्रभू आहे’ असं तू मुखाने कबूल केलंस आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा अंतःकरणात विश्वास ठेवलास, तर तुझं तारण होईल. ते ज्या अध्यायात आहे, तो पहिल्यापासून वाचला की हेच हाती येतं.

पौलाने हे पत्र इ.स. 57च्या सुमारास करिंथहून रोमच्या मंडळीला लिहिलं. 9 ते 11 या अध्यायांत त्याच्या जिवाला एकच घोर आहे: माझ्या यहुदी भाईबंदांचं काय होणार, आणि परराष्ट्रीयांना दार उघडं आहे की नाही. 10व्या अध्यायात तो अनुवादाच्या 30व्या अध्यायातले मोशेचे शब्द हाताशी घेतो. देवाचं वचन आकाशात नाही, की कोणी वर चढून ते आणावं. ते तुझ्या अगदी जवळ आहे, तुझ्या मुखात आणि तुझ्या अंतःकरणात. ‘मुख’ आणि ‘अंतःकरण’ ही जोडी पौलाने तिथून उचलली आहे. मोशेच्या वाक्यात मुख आधी येतं, म्हणून 9व्या वचनातही आधी येतं. लगेच पुढच्या 10व्या वचनात पौल क्रम उलटा करतो: अंतःकरणाने विश्वास, मुखाने कबुली. 11व्या वचनात तर मुखाचं नावच नाही. जो कोणी त्याच्यावर विश्वास ठेवतो तो फजीत होणार नाही, हे यशयाचं वचन तो देतो. 12व्यात यहुदी आणि हेल्लेणी (ग्रीक) यांत भेद नाही, आणि 13व्यात जो कोणी प्रभूचं नाव घेऊन हाक मारील त्याचं तारण होईल. ‘पहिली पायरी, दुसरी पायरी’ असं काही त्याला सांगायचं असतं, तर एका ओळीत त्याने क्रम बदलला नसता. देवाला गाठायला कोणाला डोंगर चढायला नको, हे सांगण्यासाठी लिहिलेलं वचन आहे हे. उजव्या अंगाने लुळ्या पडलेल्या माणसापुढे तेच डोंगर म्हणून उभं करायचं, हा त्या वचनावरच अन्याय आहे.

आणखी दोन ठिकाणं उघडून बघा. पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या अध्यायात हन्ना मंदिरात प्रार्थना करते. तिचे ओठ हलत होते, आवाज ऐकू येत नव्हता. एली याजकाने पाहिलं आणि ठरवून टाकलं, ही प्यायलेली आहे. तो याजक होता, रोज मंदिरात बसणारा होता, तरी एका गप्प तोंडावरून त्याने काढलेलं अनुमान साफ चुकलं. दुसरं मार्क 2: चौघांनी छप्पर उघडून खाली सोडलेला पक्षाघाती. त्या सगळ्या प्रसंगात तो स्वतः एक शब्द बोलल्याचं लिहिलेलं नाही. येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला आणि त्या माणसाला म्हटलं, मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे. त्याचं चालणं-फिरणं नंतरचं.

बाबांच्या अंतःकरणाचा दाखला आम्ही देऊ शकत नाही. तसा तो त्या भावांनाही देता येत नाही. पण तीस वर्षं दर रविवारी मंडळीपुढे उभं राहून ‘मी विश्वास ठेवतो’ म्हणत आलेला माणूस आज जिभेने हरला, म्हणून ती तीस वर्षांची कबुली पुसली जात नाही. उपासनेत सगळे मिळून म्हणतात तो प्रेषितांचा मतांगीकार म्हणजे दुसरं काय आहे? पहिल्या शतकांत बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या असलेल्याला विचारायचे, पित्यावर विश्वास ठेवतोस का, पुत्रावर ठेवतोस का, पवित्र आत्म्यावर ठेवतोस का. आणि तो म्हणायचा, ठेवतो. त्या प्रश्नोत्तरांतूनच पुढे हा मतांगीकार घडत गेला. बाबांनी ‘मुखाने कबूल’ केलेलं आहे, आणि ते केल्याला साक्षीदारही भरपूर आहेत.

आता त्यांच्या रडण्याचं आणि हसण्याचं. पक्षाघातानंतर पुष्कळ रुग्णांचा भावनांवरचा लगाम सुटतो. साध्या बोलण्यावर रडू कोसळतं, भलत्या क्षणी हसू येतं, आणि त्या वेळी आत तसं दुःख किंवा आनंद असेलच असं नाही. मेंदूतल्या इजेचा तो परिणाम असतो. डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्यावर उपचार आहेत. पण त्या रडण्यातून पश्चात्ताप वाचू नका आणि हसण्यातून कठीण मनही वाचू नका. त्या भावांनी नेमकं तेच केलं.

मग ‘कबूल करणं’ म्हणजे नेमकं काय? मूळ ग्रीक शब्द आहे ‘होमोलोगेओ’. ‘होमो’ म्हणजे तेच, आणि उरलेला भाग बोलण्याचा. समोरच्याने जे म्हटलं, तेच आपणही म्हणणं. मराठीत ‘कबूल’ म्हटलं की आपल्याला पोलीस ठाणं आठवतं, पण ‘त्याने यायचं कबूल केलंय’ असंही आपण रोज म्हणतोच. रोमकरांस पत्रातली कबुली या दुसऱ्या जातीची आहे. तिथे कबूल करायचं आहे ते पाप नाही, ‘येशू प्रभू आहे’ हे. आणि ते म्हणणं तेव्हा सोपं नव्हतं. ‘प्रभू’, ग्रीकमध्ये ‘किरियोस’, हा शब्द सम्राटासाठी वापरात होता. प्रेषितांची कृत्ये 25:26 मध्ये रोमन सुभेदार फेस्त सम्राट नीरोला तसंच म्हणतो. आणि जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात देवाच्या नावाच्या जागीही तोच शब्द येतो. इ.स. 112च्या सुमारास बिथुनियाचा सुभेदार प्लिनी पकडून आणलेल्यांना तीन-तीनदा विचारायचा, तू ख्रिस्ती आहेस का. तिन्ही वेळा हो म्हणणाऱ्याला तो मृत्युदंडाला पाठवायचा. तिथे कबुली म्हणजे आपण कोणाचे, हे जिवावर उदार होऊन सांगणं होतं. कोणीतरी पुढे म्हणतंय आणि आपण मागून म्हणतोय, असल्या चार ओळींना त्या वचनाचं नाव देणं आम्हाला पटत नाही. त्या प्रार्थनेत वाईट काही नाही, तिच्यातून कित्येकांची खरी सुरुवात झालेली आहे. पण ठरावीक शब्दांतली ती प्रार्थना पवित्र शास्त्रात कुठेही दिलेली नाही. गेल्या दीडेकशे वर्षांतल्या संजीवन सभांमधून ती रूढ झाली.

म्हणूनच ती पाचव्यांदा म्हणू नका. चार वेळा म्हणून शांती का आली नाही, याचं कारण तुमच्याच पत्रात आहे: दर वेळी तुम्ही येशूकडे न बघता स्वतःच्या म्हणण्याकडे बघताय. नीट झालं का, मनापासून झालं का, आवाज पुरेसा होता का. मुंबईत नाक्यानाक्यावर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी असते. त्या तारणात वस्तू आपण ठेवायची, कस लागला तर पैसे मिळणार. नकळत आपण देवाच्या तारणाचाही हाच हिशेब करतो. माझा विश्वास गहाण ठेवला, आता तो बावीस कॅरेटचा भरतो की नाही याची धास्ती. शास्त्रातलं तारण ‘तारणे’पासून आलेलं आहे. त्यात तारणारा दुसरा आहे, आणि कस लागायचा तो त्याचा लागून झालाय. विश्वास ‘ठेवायचा’ असतो असं मराठी म्हणते, ते फार नेमकं आहे. ठेवायचा म्हटल्यावर कुठे ठेवला याला महत्त्व. मार्क 9:24 मधला बाप ओरडून म्हणतो, माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला साहाय्य कर. एवढ्या अर्ध्यामुर्ध्या विश्वासावर त्याचं मूल बरं झालं.

नुसतं ‘खरं आहे’ म्हणणं म्हणजेही विश्वास नव्हे, ही बाजूही सांगायला हवी. याकोब 2:19 म्हणतो, देव एकच आहे हे भुतंही मानतात आणि थरथर कापतात. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणाने लिहिलं की बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी त्यांना उमगलं, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळायचा राहिला होता. जे आधी तोंडाने म्हटलं होतं, त्यात त्या नंतर शिरल्या. तुमचंही दृढीकरण झालेलं आहे. आईवडिलांनी तुमच्या वतीने जे कबूल केलं, ते सोळाव्या वर्षी तुम्ही स्वतःच्या तोंडाने म्हटलंत. शंकेची रात्र आली की नवी प्रार्थना शोधू नका, ते आठवा, योहान 10:27 ते 29 एकदा मोठ्याने वाचा आणि दिवा मालवा. पण शंका दिवसातून दहा-दहा वेळा यायला लागली, तेच शब्द ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय चैन पडेना, घरचं-ऑफिसचं काम अडायला लागलं, तर हा मनाच्या आजाराचा भाग असू शकतो. मग पाळकांबरोबर मानसोपचारतज्ज्ञालाही भेटा. त्यात विश्वासाची काही कमतरता नाही.

सासूबाईंचा सल्ला मायेचा आहे. पण त्यांची कबुली वेगळी, हे दोघींनी समजून घ्यायला हवं. 1 योहान 1:9 मध्ये पापं कबूल करण्यासाठी तोच ग्रीक शब्द आहे: आपल्या पापाबद्दल देव जे म्हणतो तेच आपण म्हणायचं, फाटे फोडायचे नाहीत. हे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचं रोजचं काम. कॅथलिक मंडळीत याच्यापुढे जाऊन तो संस्कार आहे. योहान 20:23 हा त्याचा आधार. गंभीर पापं वर्षातून निदान एकदा सांगावीत, हा नियम 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेपासूनचा. त्यात चार गोष्टी येतात: मनापासूनचा पश्चात्ताप, धर्मगुरूपुढे पापं सांगणं, त्यांनी दिलेली क्षमा, आणि नेमून दिलेलं प्रायश्चित्त. तो बाप्तिस्म्यानंतर पडलेल्याला उठवण्यासाठी आहे. रोमकरांस 10:9ची भरपाई म्हणून नाही, आणि कॅथलिक शिकवणीतही तो तसा नाही.

शिवाय व्यवहारातली अडचण: तुम्ही कॅथलिक नाही, त्यामुळे एरवी फादर तुम्हाला हा संस्कार देऊ शकत नाहीत. मरणाचं भय किंवा तशीच मोठी निकड असली, आपला पाळक गाठता येत नसला, स्वतःहून मागितलं, आणि या संस्काराबद्दल कॅथलिक श्रद्धा असली, तरच त्यांच्या नियमात वाट आहे. नाताळ-ईस्टरच्या आधीच्या लांब रांगेत उभं राहून, पाळी आल्यावर हे कळलं तर फार अवघडल्यासारखं होतं. फादरशी नुसतं बोलायचं असेल तर मात्र अवश्य बोला, वेळ ठरवून. तुमच्याही उपासनेत सगळे मिळून पापांगीकार करतात आणि पाळक क्षमेचं वचन सांगतात. ते यांत्रिकपणे म्हणत आला असाल तर येत्या रविवारी ‘आम्ही पाप केले’ या शब्दांवर थांबून मनात एक खरी गोष्ट धरा. आणि एखादी गोष्ट फारच सलत असेल, तर पाळकांना एकांतात सांगायला प्रॉटेस्टंट परंपरेत मनाई नाही. ल्यूथरच्या अनुयायांनी 1530च्या ऑग्सबर्गच्या विश्वासपत्रात खासगी पापांगीकार राखून ठेवलेला आहे.

कशावर आपण नीतिमान ठरतो या प्रश्नावर तुमच्या आणि नवऱ्याच्या घरात भिंत आहे असं वाटत असेल, तर हेही ठाऊक असू द्या: 31 ऑक्टोबर 1999 रोजी ऑग्सबर्गमध्येच कॅथलिक आणि ल्यूथरन मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. आपल्या गुणांमुळे नव्हे, केवळ कृपेने, ख्रिस्ताच्या तारणकार्यावरच्या विश्वासाने देव आपल्याला स्वीकारतो, असं दोघांनी मिळून म्हटलं. मतभेद उरले आहेत, पण या गाभ्यावर सासूबाई आणि तुम्ही एकच बोलता.

ऑफिसचं. गायकवाड, साळवे, कांबळे अशी आडनावं असलेल्या किती मराठी ख्रिस्ती माणसांना हा प्रश्न पडतो! योहान 12:42–43 मध्ये असे अधिकारी आहेत ज्यांनी विश्वास ठेवला, पण सभास्थानातून बहिष्कृत होऊ या भीतीने कबूल केलं नाही. योहानाने त्यांना शाबासकी दिलेली नाही. पण त्याच शुभवर्तमानात रात्री गुपचूप आलेला निकदेम आहे. तो पुढे 7व्या अध्यायात सभेत येशूच्या बाजूने एक वाक्य बोलतो, आणि 19व्यात येशूला पुरण्याच्या वेळी उघडपणे शंभर शेर गंधरस आणि अगरू घेऊन उभा राहतो. त्याला वेळ लागला आणि प्रभूने तो दिला. गप्प राहणं आणि नाकारणं यांत फरक आहे. टेबलावर क्रूस मांडायची गरज नाही, कोणाशी वाद घालायची तर मुळीच नाही. दोन गोष्टी मात्र करा. कोणी सरळ विचारलं, तर सरळ सांगा. आणि उत्तम शुक्रवारची रजा मागताना अर्जात ‘घरगुती कारण’ लिहीत असाल, तर यंदा ‘उत्तम शुक्रवारची उपासना’ असं लिहा. ही तीन शब्दांची कबुली तुमच्या मुखातली, आणि ती कोणी तुमच्याकडून म्हणवून घेतलेली नाही.

आता बाबांसाठी काय करता येईल. वाचा गेलेल्या पुष्कळांना बोलता येत नाही तरी गाता येतं, आणि लहानपणापासून पाठ असलेली प्रार्थना ओळीने बाहेर पडते. पाठ असलेले शब्द आणि सूर मेंदू वेगळ्या वाटेने काढतो. पेटी वाजवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तर ही मोठी आशा आहे. सकाळी, ते ताजेतवाने असताना बसा. टीव्ही बंद, खोलीत एकच माणूस बोलणारं. त्यांची उजवी बाजू गेली आहे, तर त्या बाजूचं त्यांना दिसतही कमी असेल, म्हणून डावीकडे बसा. ना. वा. टिळकांचं एखादं भजन त्यांच्या सवयीच्या पट्टीत हळू सुरू करा, डाव्या हाताने त्यांना मांडीवर ताल धरू द्या. मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ म्हणा आणि ओळीचा शेवटचा शब्द सोडून थांबा. मनात दहा आकडे मोजा, मध्ये शब्द पुरवू नका. आला तर आला, नाही आला तर तुम्ही पूर्ण करून पुढे जा. दहा-पंधरा मिनिटं पुरे.

काही विचारायचं असलं तर आधी त्यांचं ‘हो’ पक्कं आहे का ते बघा. ‘आपण भांडुपला राहतो ना?’ आणि थोड्या वेळाने ‘आपण नागपूरला राहतो ना?’ दोन्हीला ‘हो’ आलं, तर त्या ‘हो’वर काही ठरवू नका, या आजारात नाही म्हणायचं असतानाही हो निघतं. अशा वेळी प्रश्न सोडून द्या, फक्त वाचा आणि गा. उत्तरं वेगळी आली, तर एका वेळी एकच छोटा प्रश्न, आणि डाव्या हाताने दाबून उत्तर: ‘बाबा, प्रभू तुमच्याजवळ आहे ना?’ याचा व्हिडिओ काढून कोणाला पाठवू नका. वाचा-उपचार अजून सुरू केले नसतील तर आठ महिन्यांनंतरही उशीर झालेला नाही. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था किंवा नायर रुग्णालयाचा वाचा-उपचार विभाग इथे चौकशी करा.

फेलोशिपमधले भाऊ पुन्हा आले, तर चहा द्या, आणि दारातच सांगा की बाबांना काही म्हणायला लावायचं नाही, प्रार्थना तुम्ही करा. ते मानणार नसतील, तर नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि या आठवड्यात पाळकसाहेबांना फोन करून बाबांसाठी घरी प्रभुभोजन मागा. त्याआधी एक गोष्ट बघून ठेवा: बाबांना पाणी पिताना ठसका लागतो का, जेवताना खोकला येतो का, घोटानंतर आवाज ओला-घरघरता होतो का. तसं असेल तर गिळण्याची तपासणी करून घ्या आणि डॉक्टर काय म्हणाले ते पाळकांना आधीच कळवा. भाकर द्राक्षरसात भिजवून तिळाएवढा कण द्यायचा, की ओठांना नुसता स्पर्श करायचा, हे त्यावरून ठरेल. बाबांना उशीला टेकवून सरळ बसवा, हनुवटी किंचित खाली, आणि पुढचा अर्धा तास आडवं करू नका. मतांगीकाराच्या वेळी पाळकांना सावकाश म्हणायला सांगा, आणि बाबांचा डावा हात तुमच्या हातात ठेवा.